जकात, विसावा हिस्सा आणि आपला हिशेब

उपवास म्हटला की आंबेडकरी माणसाला येरवडा आठवतो. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधींनी आमरण उपोषण सुरू केले आणि चार दिवसांत बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. एका माणसाच्या भुकेचे ओझे कोट्यवधी अस्पृश्यांच्या मानेवर ठेवून त्यांचे स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतले गेले. ती जखम अजून भरलेली नाही. म्हणून आमच्यातले काही तरुण रमजान आला की लगेच लिहू लागतात : "उपाशी राहून कोणाचे भले झाले? जकात म्हणजे भीकच की!"

या तरुणांचा राग आम्हाला समजतो, पण त्यांचा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही.

येरवड्याचा उपवास दुसऱ्याला झुकवण्यासाठी होता. रोजा दुसऱ्याच्या उशाला बसून धरला जात नाही. त्यात मागणी नाही, धमकी नाही, करार नाही. आजारी माणसाला, प्रवाशाला त्यातून सूट आहे. ज्याला वयामुळे किंवा कायमच्या आजारामुळे रोजा धरताच येत नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे, त्याला फिदिया म्हणतात. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो, म्हणजे सणाच्या दिवशी शेजारची चूल थंड राहू नये. आम्ही बौद्ध आहोत. उपाशी राहून पुण्य मिळते असे आम्ही मानत नाही. तथागतांनी देह झिजवणारी तपश्चर्या सोडली आणि सुजाताची खीर घेतली, हाच आमचा मार्ग. पण आळवी गावी भुकेने व्याकुळ होऊन आलेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घाला, मग धम्म सांगू, असेही तथागतांनीच सांगितले. तेव्हा भुकेची आठवण ठेवणाऱ्या माणसाची टिंगल करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

आता जकातीकडे येऊ. ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहते, त्याने त्या शिल्लकीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शंभराला अडीच रुपये, द्यायचे असतात. कोणाला द्यायचे तेही कुराणात ठरलेले आहे. आठ प्रकारचे लोक आहेत. त्यांत गरीब आणि गरजू तर आहेतच, पण कर्जात बुडालेला आहे, गुलामीतून सोडवायचा माणूस आहे, वाटेत अडकलेला प्रवासी आहे. मुख्य गोष्ट अशी की, श्रीमंताच्या मालात गरिबाचा हक्क आहे अशी ही कल्पना आहे. मर्जी झाली तर टाकलेला तुकडा आणि ठरलेला हिस्सा यांत फरक आहे. तो फरक आम्हाला कळायला हवा, कारण १९३२ साली हरिजन सेवक संघाच्या बाबतीत बाबासाहेबांचा वाद नेमका याच मुद्द्यावर होता. बाबासाहेबांना अस्पृश्यांच्या नागरी हक्कांची लढाई हवी होती, संघाने दयेचा मार्ग धरला. दयेने माणूस उभा राहत नाही, मिंधा होतो.

मग वांद्र्यात काय दिसते? येथे जकातीचे मूळ तत्त्व आणि प्रत्यक्ष व्यवहार समोरासमोर उभे आहेत. स्टेशनच्या पूर्वेला बेहरामपाडा आणि गरीबनगर. २०११ मध्ये गरीबनगर जळाले, २०१७ मध्ये पुन्हा आग लागली. पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून पंचतारांकित हॉटेले. वांद्र्याची इफ्तार देशभर गाजली ती २०१३ साली. तेव्हाचे आमदार बाबा सिद्दीकी यांच्या इफ्तारमध्ये शाहरुख खान आणि सलमान खान यांनी गळाभेट घेतली आणि त्याची बातमी झाली. गेलेल्या माणसावर आम्हाला टीका करायची नाही. आमचा प्रश्न त्या प्रथेला आहे. इफ्तारच्या मेजावर कोण बसतो? ज्याचा हक्क आहे तो, की ज्याचा फोटो छापून येतो तो?

यात आपले लोकही मागे नाहीत. निवडणूक जवळ आली की निळा गमछा घालून इफ्तारला जायचे, डोक्यावर टोपी ठेवायची, खजूर हातात धरून फोटो काढायचा. आमच्यापैकी काही जण अशाच एका वाटपाला गेले होते. गहू, तेल, शेवया, साखर असे सामान एका पिशवीत, आणि पिशवीवर देणाऱ्याचा चेहरा छापलेला. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने फोटोच्या वेळी पदराने तोंड झाकले. तिला सांगितले गेले, "अम्मा, पदर काढा, नीट दिसत नाही." आम्ही गप्प उभे राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज आजही वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

दुसरा मुद्दा जातीचा. तो टाळून भाईचारा होत नाही. बाबासाहेबांनी 'पाकिस्तान'वरील ग्रंथात १९०१ च्या जनगणनेचा आधार घेऊन मुस्लिम समाजातील अश्रफ, अजलाफ आणि अरजल या उतरंडीवर बोट ठेवले. हलालखोर, लालबेगी, मेहतर ही नावे तेथे आहेत. आज १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदामुळे या जातींच्या मुस्लिमांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, आम्हा बौद्धांना १९९० मध्ये. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती बंद होणे काय असते, हे आमच्या आईबापांनी चौतीस वर्षे भोगले आहे. मग त्याच दारात उभ्या असलेल्या मेहतर मुस्लिमाला आम्ही काय सांगणार? रमजानात पिशवी घे आणि गप्प बस? मुंबई उपनगरचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेलाच आहे, बेहरामपाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जकात भूक भागवेल, पण त्या कार्यालयाच्या दारातून जो हक्क मिळायला हवा, त्याची जागा जकात घेऊ शकत नाही. श्रीमंत मुस्लिमांनीही हे समजून घ्यावे आणि सरकारनेही.

येथे काही मित्र विचारतील : "बहुतेक उलेमांच्या मते जकात मुस्लिम गरजूलाच देता येते, मग आमचा संबंध काय?" बरोबर आहे. पण सदका कोणालाही देता येतो. आणि आम्हाला त्यांच्या पैशांत वाटा मागायचाच नाही. आम्हाला आमच्याच खिशाचा प्रश्न विचारायचा आहे.

१५ ऑक्टोबर १९५६. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा. विसावा हिस्सा म्हणजे शंभराला पाच. जकात शिल्लकीवर असते, ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला ती लागू नाही. बाबासाहेबांनी मात्र मिळकतीवर मागितले, आणि तेही कोणाकडे? ज्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता त्या लोकांकडे. वीस हजार पगार असलेल्याने महिन्याला हजार रुपये द्यायचे. मित्रांनो, छातीवर हात ठेवून सांगा, गेल्या वर्षी आपण बारा हजार कोठे दिले? बावीस प्रतिज्ञांत दहा पारमितांचे पालन आहे आणि त्यांत दान आहे. प्रतिज्ञा आपल्याला तोंडपाठ आहेत, हिशेब मात्र कोणाकडेच नाही. जयंतीच्या डीजेची वर्गणी म्हणजे विसावा हिस्सा नव्हे. ज्याने स्वतःचा विसावा हिस्सा दिला नाही, त्याने दुसऱ्याच्या चाळिसाव्या हिश्शाला भीक म्हणू नये.

१४ एप्रिल २०२० विसरू नका. त्या दिवशी आपण घराघरांत भीमजयंती करत होतो. टाळेबंदी वाढल्याची घोषणा सकाळी झाली आणि दुपारी वांद्रे स्टेशनबाहेर परप्रांतीय मजुरांची मोठी गर्दी जमली. हाताला काम नव्हते, त्यांना गावी जायचे होते. त्यांना लाठ्या मिळाल्या. जवळ मशीद आहे एवढ्यावरून त्या भुकेलाही धर्म चिकटवला गेला. रमजान सुरू व्हायला तेव्हा अजून अकरा दिवस होते. वाटेत अडकलेला प्रवासी म्हणजे कोण, हे त्या दिवशी वांद्र्याने पाहिले. त्याच्यासाठी सरकारची तिजोरी का उघडली नाही, हा प्रश्न दोन्ही समाजांनी मिळून विचारायला हवा होता.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. इफ्तारला बोलावले तर जरूर जा, पण फोटो काढू नका. खेरवाडी असो की शासकीय वसाहत, आपल्या विहारात विसाव्या हिश्शाची पेटी ठेवा आणि दर महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहा. त्यातून मुलांची फी भरा, सावकाराच्या तावडीतल्या कुटुंबाचे कर्ज फेडा, आणि त्या वेळी त्या घरात पंचशील म्हणतात की कलमा, हे विचारू नका. तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धच्या लढाईत पसमांदा कार्यकर्त्यांच्या शेजारी उभे राहा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परिषदेच्या मंडपासाठी कोणी जागा देईना, तेव्हा एका मुस्लिम गृहस्थाने दिली. मनुस्मृती जळाली ती त्या जागेवर. ती जागा भीक म्हणून दिलेली नव्हती. ती सोबत होती. तिची परतफेड खजुराच्या फोटोने होणार नाही.

जयभीम!