संमीलन ऊर्जेचे भवितव्य तारेच्या पिळात

सूर्याच्या गाभ्यात घडणारी अणुसंमीलनाची प्रक्रिया पृथ्वीवर घडवून वीज मिळविण्याच्या प्रयत्नांत चर्चा होते, ती कोट्यवधी अंश तापमानाच्या प्लाझ्माची. मात्र या प्रयत्नांचे यश बऱ्याच अंशी एक मिलिमीटरहूनही बारीक अशा अतिवाहक तारेवर अवलंबून आहे.

फ्रान्समधील काडाराश येथे उभारण्यात येत असलेल्या ‘आयटर’ प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सहभागी झाला. या अणुभट्टीत १८ प्रचंड चुंबकीय वेटोळी प्लाझ्माला भिंतींपासून दूर रोखून धरणार आहेत. त्यांच्यातील नायोबियम व कथील यांचे संयुग उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले असता विजेला कोणताही रोध करत नाही. परिणामी, एका केबलमधून ६८ हजार अँपिअर प्रवाह वाहू शकतो.

अडचण आहे ती या संयुगाच्या ठिसूळपणाची. कुंभार ज्याप्रमाणे आधी मडक्याला आकार देतो आणि मगच ते भाजतो, त्याप्रमाणे वेटोळे आधी गुंडाळून नंतर सुमारे ६५० अंशांवर तापविले जाते. पुढे ते थंड करताना केबलभोवतीचे पोलादी आवरण तारेपेक्षा अधिक आकुंचन पावते व तारेला दाबते. प्रवाह सुरू होताच केबलच्या प्रत्येक मीटरवर सुमारे ८० टन भाराइतके चुंबकीय बल येते आणि तारा परस्परांवर रेटल्या जाऊन वाकतात. लांबीत एक टक्क्याहून कमी बदल झाला, तरी तारेची प्रवाह वाहण्याची क्षमता घटते. ताण वाढल्यास आतील सूक्ष्म तंतूंना कायमचे तडे जातात.

हा धोका केवळ कागदावरचा नव्हता. स्वित्झर्लंडमधील ‘सुलतान’ चाचणी केंद्रात २०१०-११ च्या सुमारास आयटरच्या मध्यवर्ती चुंबकासाठीच्या केबलचे नमुने तपासण्यात आले. प्रवाह वारंवार चालू-बंद केला असता त्यांची क्षमता घसरत गेली. या चुंबकाला आपल्या आयुष्यात असे सुमारे ६० हजार आघात सोसायचे आहेत. त्यावर उपाय सापडला तो नव्या धातूत नव्हे, तर केबलच्या रचनेत. तारांचा पीळ अधिक घट्ट करण्यात आल्याने त्यांना एकमेकींचा आधार मिळाला आणि घसरण आटोक्यात आली.

भारताच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व मोठे आहे. आयटरसाठी भारताने महाकाय क्रायोस्टॅट पुरविला. अतिवाहक केबलचे काम मात्र अन्य सहा भागीदारांकडे होते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील ‘एसएसटी-१’ यंत्रात २०१३ मध्ये प्लाझ्मा निर्माण झाला. मात्र त्याची चुंबके तुलनेने लवचिक अशा नायोबियम-टायटॅनियमची आहेत. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अतिवाहक तारा व केबल देशातच घडविण्याच्या दिशेने काम केले आहे. परंतु शक्तिशाली चुंबकांसाठी ठिसूळ संयुग हाताळणे ही वेगळीच कसोटी ठरते.

उच्च तापमानाच्या अतिवाहक फितींमुळे अमेरिकेत २०२१ मध्ये २० टेस्ला क्षेत्राचे चुंबक यशस्वी ठरले. तथापि त्या फितींचे थरही ताणाने सुटू शकतात. पदार्थ बदलला, तरी बलाचा प्रश्न कायम राहतो.

आयटरमधील ज्ञान सर्व भागीदारांसाठी खुले असले, तरी पीळ किती घट्ट असावा हे आराखड्यापेक्षा हाताला आणि चाचणीलाच अधिक कळते. स्वतःची संमीलन भट्टी उभारण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या देशाला हा अनुभव घरीच मिळवावा लागेल.