पोरांच्या फ्रॉकवरचे चित्र कोणाचे?

ईद असो, दिवाळी असो की शाळा उघडण्याचे दिवस असोत, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या तयार कपड्यांच्या दुकानांत एक देखावा हमखास दिसतो. आई कापड चोळून पाहते, बाप भाव विचारतो आणि तीन-चार वर्षांचे पोर टांगलेल्या मालातल्या एका चित्राकडे बोट दाखवून रडू लागते. शेवटी पोराचेच चालते. ज्याला अजून अक्षरओळख नाही, तोच गिऱ्हाईक कोणता माल उठणार हे ठरवतो. साधा फ्रॉक आणि कार्टूनचा फ्रॉक यांत कापड तेच, शिलाई तीच. फरक फक्त छापील चित्राचा. हे चित्र कोणाचे, याचा विचार आपला व्यापारीवर्ग करतो का?

एक उदाहरण घेऊ. हैदराबादची ग्रीन गोल्ड ॲनिमेशन ही कंपनी राजीव चिलका यांनी २००१ साली काढली. २००८ साली त्यांचा ‘छोटा भीम’ पोगो वाहिनीवर आला आणि घराघरांत पोचला. पुढे २०१९ साली त्याच भीमाला त्यांनी रांगत्या वयाचे, अचाट ताकदीचे बाळ बनवले आणि ‘मायटी लिटल भीम’ ही शाळेत न जाणाऱ्या चिमुकल्यांसाठीची साहसमालिका नेटफ्लिक्सवर आणली. या मालिकेत संवाद नाहीत. सगळी गोष्ट हावभाव, आवाज आणि संगीत यांवर चालते. त्यामुळे १९० हून अधिक देशांत ती जशीच्या तशी दाखवता आली. भाषांतराची गरज पडली नाही.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंग्रजी पत्र लिहायचे म्हटले की आजही हात अडखळतो. म्हणून ही गोष्ट आम्हांला विशेष वाटली. हा माल जगभर गेला तो भाषेच्या जोरावर नव्हे, चित्राच्या जोरावर. आणि चित्र काढणाऱ्या हातांची आपल्या वस्त्यांत कमी नाही.

या धंद्याची दुसरी बाजूही पाहावी. कार्टून दाखवून जेवढे मिळते तेवढ्यावर मालक थांबत नाही. दप्तर, पाण्याची बाटली, टॉवेल, कपडे यांवर चित्र छापण्याचा परवाना तो विकतो आणि प्रत्येक नगामागे रॉयल्टी घेतो. कॅनडाची स्पिन मास्टर ही तर मुळात खेळण्यांची कंपनी. तिने २०१३ साली ‘पॉ पेट्रोल’ ही कुत्र्याच्या पिलांची मालिका पडद्यावर आणली आणि त्याच पिलांची, त्यांच्या गाड्यांची खेळणी जगभर विकली. म्हणजे दुकानदारच चित्राचा मालक झाला! हे काम फक्त दूरदेशी होते असेही नाही. २०१२ पासून निक वाहिनीवर आलेली ‘मोटू पतलू’ ही मालिका मुंबईच्याच कॉसमॉस-माया स्टुडिओने बनवली. त्यातली पात्रे ‘लोटपोट’ या जुन्या हिंदी बालपत्रिकेतली.

आता आमची स्वतःची चूक सांगतो, कारण ती लपवून दुसऱ्याला उपदेश करणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी सणाच्या तोंडावर आम्ही एका गाजलेल्या कार्टूनचे ६०० फ्रॉक छापून घेतले. परवाना नव्हता. ‘सगळेच छापतात’ हा आमचा हिशेब. एका दुपारी कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन दुकानात आला. माल गेला, तडजोडीची रक्कम गेली, सणाचा धंदा गेला. पण याहून मोठी गोष्ट अशी की आमचा स्क्रीन प्रिंटिंगवालाही त्यात ओढला गेला. त्याच्या स्क्रीन, त्याचे टेबल, सगळे जप्त झाले. त्याने तर फक्त आमची ऑर्डर पुरी केली होती. दोन महिने त्याचे काम बंद राहिले. ते देणे आमच्या मनावर आजही आहे.

कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. कलम ६४ प्रमाणे फौजदार वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. कायद्याची गोष्ट सोडली तरी दुसऱ्याच्या मेहनतीवर परवानगीशिवाय कमावलेल्या पैशात बरकत कशी राहील?

त्या प्रकरणानंतर आम्ही कारागिराकडे गेलो, तेव्हा त्याच्या गाळ्याच्या भिंतीवर एक चित्र दिसले. पतंगाच्या मांज्यात अडकलेले बकरीचे करडू. नातीसाठी काढलेले. अशी चित्रे त्याच्याकडे वहीभर होती. आम्ही म्हटले, ‘‘इतकी वर्षे दाखवले नाहीत?’’ तो म्हणाला, ‘‘शेठ, तुम्ही कधी विचारलेच नाही.’’

ते करडू आम्ही २०० फ्रॉकवर छापले. खरे सांगायचे तर ८० नग अजून पडून आहेत. टीव्हीवर न दिसलेल्या करडासाठी पोर दुकानात रडत नाही. पण जे १२० विकले गेले त्यांतले काही गिऱ्हाईक पुन्हा आले आणि ‘तेच करडू मोठ्या मापात आहे का’ म्हणून विचारू लागले. ही सुरुवात लहान आहे, पण आपली आहे.

व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, गाजलेले चित्र हवेच असेल तर परवाना असलेल्या उत्पादकाकडूनच पक्क्या बिलावर माल घ्यावा. दुसरी, आपली नक्षी बाजारात आणण्यापूर्वी डिझाईन कायदा २००० खाली तिची नोंद करावी. हक्क १० वर्षे राहतो आणि पुढे ५ वर्षे वाढतो. डिझाईन म्हणून नोंदवता येणारी नक्षी न नोंदवता तिचे ५० हून अधिक नग यंत्रावर किंवा छपाईने काढले, तर कॉपीराइटही संपतो. नाव नोंदवायचे असेल तर लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी ट्रेडमार्कची फी दर वर्गाला ४५०० रुपये असून मुंबईचे कार्यालय अँटॉप हिलला आहे. तिसरी गोष्ट कारागीर बंधूंसाठी. चित्र देताना मालकी कोणाची, मोबदला किती, हे लेखी ठरवा. लेखी करारावाचून कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे होत नाही.

दुसऱ्याचा भीम छापून आपण एका सणाचे पैसे कमावतो आणि वर्षभर दाराकडे पाहत बसतो. त्यापेक्षा आपल्या कारागिराला एकदा विचारा, त्याच्या वहीत काय आहे. आम्ही हे फार उशिरा विचारले.