बांधावरचा ढीग

डाळिंबाच्या मासिकात ऑलिव्हचे काय काम, असे कुणी विचारेल. काम आहे.

दक्षिण स्पेनमध्ये ग्रानादा, खाएनच्या बागांत एक इवलासा सालभुंगेरा आहे. तिथले शेतकरी त्याला ‘बार्रेनिल्यो’, म्हणजे छोटा गिरमिट म्हणतात. जोमदार झाडात त्याला पिल्लावळ वाढवता येत नाही. त्याला हवे असते नुकतेच तोडलेले लाकूड. हिवाळ्याअखेर छाटणी होते, ओंडके सरपणासाठी रचले जातात, आणि त्यांतून सुटणाऱ्या इथिलीनच्या वासावर भुंगेरे येतात. मादी सालीखाली बोगदा करून अंडी घालते. उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी पिढी बाहेर पडते आणि जिवंत झाडांवर जाऊन डहाळ्यांची बेचकी पोखरते. फळांनी लगडलेली डहाळी मग वाऱ्यानेही मोडते.

म्हणजे यंदा किती भुंगेरे होणार, हे बागेपेक्षा सरपणावर ठरते. ढिगाजवळच्या रांगा आधी मार खातात. अळ्यांची दाटी झाली की त्या एकमेकींच्या जिवावर उठतात, परजीवी गांधीलमाश्याही हात मारतात; पण लाकूड मुबलक असेल तर हे लगाम अपुरे पडतात. तिथले जाणते बागायतदार काही ओंडके मुद्दाम आमिष म्हणून बागेत ठेवतात आणि पिढी बाहेर पडायच्या आत जाळतात. फवारणीपेक्षा हे मला जास्त हुशारीचे वाटते.

आपल्या डाळिंबावरचा शॉट होल बोरर भुंगेराही याच कुळातला, पण जास्त चिवट. तो लाकूड खात नाही. बोगद्यात बुरशी पेरतो आणि तीच खातो. नर उडत नाहीत. बहुतेक माद्या बोगद्यातच भावांशी मीलन करून बाहेर पडतात, म्हणून एकच मादी नवी वसाहत उभी करू शकते. पाणी साचून मुळे गुदमरलेले झाड अल्कोहोल सोडते, त्या वासावर ती येते. मर लागलेल्या झाडांवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात, ती उगाच नाहीत. भुसा दिसेपर्यंत किडा आत खोल असतो. सालीवर मारलेले औषध तिथे पोचत नाही.

तरीही उपटलेली झाडे आपण बांधावर रचतो. ‘चुलीला होतील’ म्हणून. ती चुलीत जाईपर्यंत किती माद्या उडून गेल्या, हे कोण मोजतो? सल्लागार मित्रांना विनंती, पुढच्या शिवारफेरीत झाडाआधी बांधावरचा ढीग पाहा. साल सोलून छिद्रे मोजा, तारीख लिहा. हे आकडे आम्हाला कळवलेत तर छापू.