वाती वळतां वळतां

आपल्या घराण्याची माहिती लिहून ठेवावी असें पुष्कळांस वाटतें. मग कोणी हौशी मंडळी वही-पेन्सिल घेऊन घरांतील वडील माणसापुढें बसतात. “आजी, तुमचें लग्न कोणत्या सालीं झालें?” हा पहिला प्रश्न, आणि बहुधा तेथेंच काम संपतें. वृद्धांच्या स्मरणांत सन क्वचितच असतात. साथी, पूर व यात्रा मात्र पक्क्या असतात.

आमच्या घरचे जुने कागद, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला तेव्हां, वाड्याच्या तळमजल्यावरील पेटीसह गेले. उरली ती एका भाऊबंदांनीं पूर्वीं उतरून घेतलेली वंशावळ. तींत सारीं नांवें पुरुषांचीं.

आत्याबाई आतां ब्याण्णव वर्षांच्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून सकाळची गोष्ट त्यांना दुपारीं आठवत नाहीं. म्हणून आम्हीं घाई केली, आणि घाईनें कांहींच हातीं लागलें नाहीं. एकदां सूनबाईंनीं मध्येंच “तें साल चुकलें हो,” म्हटलें, तर त्या दोन दिवस त्या विषयावर बोलल्याच नाहींत. वाचकांनीं ही चूक करूं नये. साल मागाहून पडताळतां येतें.

पुढें चातुर्मासांत त्यांच्याशेजारीं वाती वळीत बसलों असतां त्या आपण होऊनच म्हणाल्या, “आमची आजी सांगे, मानमोडी सरल्यावर पहिला सिंहस्थ आला, त्यांत तिच्या सासूबाई भावाला घेऊन नाशकास गेल्या. दोन लेकी एका आठवड्यांत गेल्या होत्या ना त्यांच्या!”

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. सिंहस्थ येतो बारा वर्षांनीं. तेव्हां हा १९२०-२१ चाच. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचें गांव, कुळ आणि सह्या पिढ्यान् पिढ्या जपलेल्या असतात. पूर्वीं एकदां आम्ही तेथें नुसतें आडनांव सांगून हात हलवीत परत आलों होतों. या खेपेस साल सांगतांच उपाध्यांनीं नेमकी वही काढली. मोडींतील त्या नोंदीखालीं भावाची सही होती; तींत त्याचें आडनांव, आणि वाईजवळचें एक गांव. शंभरांवर वर्षांनीं आमच्या खापरपणजींचें माहेर आम्हांस कळलें!

त्या दोन मुलींची नोंद मात्र त्या वहींतहि नाहीं. बाळपणीं गेलेल्या लेकींना आमच्या वंशावळींत जागा नव्हती. इतरांच्या घरींहि फारसें निराळें नसावें. घरीं येऊन आत्याबाईंना सही वाचून दाखविली. त्या बराच वेळ स्वस्थ होत्या. मग थोरलीचें नांव त्यांनीं एकदम सांगितलें. धाकटीचें ओठांवर येतें आणि जातें.

तिच्यासाठीं वंशावळींत ओळ मोकळी ठेविली आहे. उद्यां पुन्हां कापूस घेऊन बसणार आहों.