सहलीची बस कोठे थांबत नाही?

इंग्लंडमधील विद्यापीठांत शिकावयास आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी शनिवार-रविवारच्या सहली काढण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. सकाळी विद्यापीठाच्या दाराशी बस उभी राहते, देशोदेशींची चाळीस-पन्नास मुलेमुली तीत चढतात, एखादा किल्ला, एखाद्या उमरावाचा वाडा, एखादी जुनी गिरणी पाहतात आणि रात्री दमून परततात. यात वावगे काहीच नाही. परक्या देशात एकट्या पडलेल्या मुलांना चार मित्र मिळतात, हेही थोडे नाही. प्रश्न एवढाच आहे की, ऐतिहासिक स्थळ म्हणून जे दाखविले जाते ते कोणाच्या नजरेने दाखविले जाते, आणि बस जेथे थांबत नाही तेथे काय असते?

यवतमाळ किंवा अकोला जिल्ह्यातील, कापूस पिकविणाऱ्या घरातली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. मुंबईत अर्थशास्त्राची पदवी घेऊन, शेत गहाण टाकून काढलेल्या कर्जावर ती मँचेस्टरला एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी गेली आहे. परदेशी म्हणून तिची फी तेथल्या विद्यार्थ्यांहून बरीच अधिक. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करण्याची तिला परवानगी नाही, आणि ते वीस तास एखाद्या उपाहारगृहात भांडी विसळण्यात जातात. उरलेला वेळ ग्रंथालयाचा. तिच्या वाट्याला येणारा मोकळा शनिवार हा असा फार महागाचा असतो. त्या शनिवारी तिच्या पदरात काय पडते, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक मानता येत नाही.

तिची बस शनिवारी वेल्समधील पॉविस किल्ल्याकडे निघते असे समजू. तेराव्या शतकातला हा किल्ला १९५२ सालापासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. लाल दगडाच्या भिंती, खाली उतरत गेलेल्या बागा, सारेच नेत्रसुखद. पण आतल्या दालनात गेले की ही मुलगी थबकते. हस्तिदंती वस्तू, देवदेवतांच्या मूर्ती, तलवारी, वस्त्रे. हिंदुस्थानातून व पूर्वेकडून आलेल्या हजाराहून अधिक वस्तू येथे आहेत. टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबू येथे आहे, त्याच्या सिंहासनावरचे रत्नजडित व्याघ्रमुख येथे आहे. या वस्तू वेल्सच्या टेकडीवर चालत आल्या नाहीत. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने १७८४ साली या किल्ल्याच्या घराण्यातील मुलीशी विवाह केला. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. आणि तो गव्हर्नर असतानाच, ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला. विजयानंतर लुटीची सैन्यात रीतसर वाटणी झाली. ‘लूट’ हा शब्द इंग्रजी भाषेने हिंदुस्थानातूनच उचलला. शब्दही गेला आणि वस्तूही गेली.

या मुलीने मुंबईत संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त परीक्षेपुरता वाचलेला असतो. दादाभाई नौरोजींचे नाव, ग्रंथाचे प्रकाशनवर्ष १९०१ आणि चार मुद्दे; दहा गुणांचा प्रश्न. १७६५ साली कंपनीला बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी मिळाली आणि त्या प्रांतांच्या शेतसाऱ्यातूनच निर्यातीचा माल खरेदी होऊ लागला, म्हणजे बंगालचा माल बंगालच्याच पैशाने विलायतेस जाऊ लागला, हे तिला पाठ आहे. पाच वर्षांत, १७७० साली, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि त्यात एकतृतीयांश लोक दगावले असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जनेच केला होता, हेही तिने वाचले असेल. पण हे सारे कागदावरचे होते. पॉविसच्या दालनात कागदावरच्या त्या ओळीला वजन येते, रंग येतो. असा धडा कोणत्याही वर्गात मिळावयाचा नाही. मात्र तो मिळण्यासाठी बसमध्ये कोणीतरी दोन शब्द सांगावयास हवेत. ते सांगणारे सहसा कोणी नसते; सांगितली जाते ती परतीची वेळ.

दुसऱ्या दिवशी बस स्टायल येथील क्वारी बँक गिरणीकडे जाते. सॅम्युअल ग्रेगने १७८४ साली बॉलिन नदीच्या पाण्यावर उभारलेली ही सूतगिरणी. तेथे गिरणीपासून थोड्या अंतरावर १७९० साली बांधलेले शिकाऊ मुलांचे घर आहे. अनाथालयांतून व दरिद्रालयांतून करारावर आणलेली मुले येथे राहत आणि दिवसाला बारा-बारा तास यंत्रांखाली राबत. मजुरी नाही, अन्न, वस्त्र आणि छप्पर एवढाच मोबदला. १८०६ साली दोन मुले येथून पळाली आणि पायी लंडनला गेली. त्यांना आईला भेटावयाचे होते. त्यांतील एकाचे बोट यंत्रात तुटलेले होते. त्यांची जबानी न्यायाधीशापुढे नोंदली गेली, म्हणून एवढे तरी कळते. ज्यांची जबानी झाली नाही त्यांचे काय, हे त्या भिंतीच जाणोत.

आणि त्या गिरणीत जो कापूस येत होता, तो कोठून येत होता? वेस्ट इंडीज व अमेरिकेतील गुलामांच्या मळ्यांतून. खुद्द ग्रेग घराण्याचा डोमिनिका बेटावर मळा होता आणि त्यावर गुलाम राबत होते. म्हणजे एका टोकाला गुलाम, मध्ये अनाथ मूल, आणि दुसऱ्या टोकाला हातमाग बंद पडलेला हिंदुस्थानचा विणकर. औद्योगिक क्रांती नावाच्या धड्यात यंत्रांच्या संशोधकांची नावे पाठ करून घेतली जातात. ही साखळी मात्र क्वचितच सांगितली जाते.

ही साखळी त्या मुलीच्या स्वतःच्या गावापर्यंत येते, हे तर तिला कोणीच सांगितलेले नसते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग मँचेस्टरची नजर खानदेश-वऱ्हाडाकडे वळली. कापसाचे भाव चढले, मुंबईत सोन्याचा पूर आला. त्या तेजीतल्या धनिकांपैकी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पुढे उभा राहिला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर तेजीत काढलेले कर्ज राहिले. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली त्यामागे हेही एक कारण होते. राजाबाईच्या सावलीत शिकलेली, कापसाच्या शेतावर कर्ज काढून मँचेस्टरला आलेली ही मुलगी स्टायलच्या यंत्रापुढे उभी असते, तेव्हा ती परक्याचा इतिहास पाहत नसते. स्वतःच्याच घराच्या जमाखर्चाचे एक पान पाहत असते.

येथे एक आक्षेप येईल. मुले आठवडाभर राबून दोन घटका विरंगुळ्यासाठी जातात. त्यांच्या माथ्यावर दुष्काळ आणि गुलामगिरी कशाला लादावी? आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही. ब्रिटनमध्येही हा वाद झाला आहे. नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचा वसाहतवादाशी वा गुलामगिरीशी असलेला संबंध एका अहवालात मांडला, तेव्हा काही खासदारांनी मोठा गहजब केला. लोक बागा पाहावयास येतात, अपराधभावना घेऊन जावयास नव्हे, असा त्यांचा सूर होता. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने २०२१ साली ट्रस्टने कायद्याचा भंग केलेला नाही असा निर्वाळा दिला. मुद्दा अपराधभावनेचा नाहीच. आजच्या इंग्रज मजुराने क्लाइव्हच्या नावाने माफी मागावी असे कोणी म्हणत नाही. मुद्दा हिशेबाचा आहे, आणि हिशेब म्हणजे सूड नव्हे. शिवाय विरंगुळा आणि विचार यांचे हाडवैर असते हे तरी कोणी ठरविले?

उलट, पूर्ण इतिहास दाखविला तर त्यात केवळ दुःखच नाही, अभिमान वाटावा असेही पुष्कळ आहे. मात्र ते पाहण्यासाठी जेथे सहसा थांबत नाही तेथे बस थांबवावी लागेल. मँचेस्टरहून तासाच्या आत रॉचडेल आहे. तेथे टोड लेनमधील ३१ क्रमांकाच्या इमारतीत २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ कष्टकऱ्यांनी २८ पौंडांच्या भांडवलावर दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. भेसळ नाही, एका सभासदाला एकच मत, आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्याला हे दुकान तीर्थासारखे वाटावे. आणि आपल्याकडील सहकाराची आज जी अवस्था झाली आहे ती आठवून तेथे थोडी मानही खाली घालावी लागावी. आज तेथे संग्रहालय आहे.

मँचेस्टर शहरातच लिंकनचा पुतळा आहे. कापूस तुटून गिरण्या बंद पडल्या असतानाही ३१ डिसेंबर १८६२ रोजी तेथील कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेला पाठिंबा दिला. लिंकनने त्यांना उत्तर धाडले, त्यातील मजकूर पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरलेला आहे. सर्वच कामगार एकमताचे नव्हते हे खरे, तरी उपाशीपोटी घेतलेल्या त्या ठरावाचे मोल कमी होत नाही. आणि थोडे उत्तरेला डार्वेन आहे. विलायती कापडावरील बहिष्काराने जेथील गिरण्यांना झळ लागली होती, तेथेच सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गेले आणि गिरणीतील बायांनी त्यांचे हसतमुखाने स्वागत केले. दोन देशांतील गरिबांचे भांडण एकमेकांशी नाही, हे त्या दिवशी दोन्ही बाजूंना उमगले असावे.

या ठिकाणी तिकीट विकून फारसा नफा होत नाही, म्हणून ती सहलीच्या यादीत बहुधा नसतात. पण सहल ही केवळ विकत घेण्याची वस्तू आहे असे कोठे आहे? दहा विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन, एखाद्या प्राध्यापकाला सोबत घेऊन, रेल्वेच्या तिकिटात रॉचडेल पाहता येईल. विलायतेतील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाइतक्याच उत्साहाने वर्षातून असा एक रविवार योजावा.

आणि हा दोष केवळ परक्यांचा समजून स्वस्थ बसता येणार नाही. आपल्या महाविद्यालयांच्या सहली रायगडला जातात, वेरूळला जातात. तेथेही दगड कोणी फोडला आणि त्याला काय मिळाले, हे विचारण्याची रीत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्या गिरणगावात किती सहली जातात? तेथल्या चिमण्या उंच इमारतींच्या आड गेल्या, आणि त्या चाळींतल्या नातवंडांनाही आजोबांचे खाते ठाऊक नाही.

रविवारी रात्री बस परत येते. ती मुलगी उतरते तेव्हा तिच्याजवळ दोन दिवसांची छायाचित्रे असतात आणि सोमवारी पुन्हा भांडी विसळावयाची असतात. त्या छायाचित्रांबरोबर तिने वहीच्या एका पानावर, ही वास्तू कोणाच्या पैशाने उभी राहिली, कोणाच्या हातांनी उभी राहिली आणि त्यांची नावे पाटीवर का नाहीत, एवढे तरी लिहून आणले असेल, तर तिचा तो महागाचा शनिवार वाया गेला असे म्हणता येणार नाही. कर्ज काढून मिळविलेल्या शिक्षणाचा तो कदाचित सर्वांत टिकाऊ भाग ठरेल.