माव्याचा बंदोबस्त आणि आठ दिवसांचा धीर

पौषातले मळभ दोन दिवस आगरावर रेंगाळले, की तिसऱ्या दिवशी सकाळी पावट्याच्या मांडवाखाली काय दृष्टीस पडते, हे गुहागरात परसू राखणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. कोवळ्या शेंड्यावर, फुलांच्या तुऱ्यावर आणि नुकत्याच धरलेल्या शेंगेवर काळ्या तिळांचा थर बसावा तसा मावा दाटलेला असतो. त्याच्या अंगातून झरणारा गोड चिकटा खालच्या पानांवर चकाकत असतो, आणि काही दिवसांत त्यावर काजळी धरून पाने काळवंडतात. अशा वेळी ‘औषध मारा’ हा सल्ला चहूकडून येतो. तो शिरसावंद्य मानण्यापूर्वी आठ दिवस थांबावे, आणि ते डोळसपणे थांबावे, एवढेच मला या आठवड्यात आग्रहाने सांगावयाचे आहे.

शत्रू क्षुद्र आहे, परंतु त्याची वाढ विलक्षण आहे. 1740 साली जिनिव्हाच्या शार्ल बॉने या तरुण निसर्गाभ्यासकाने माव्याची एकच नवजात मादी वेगळी कोंडून ठेवली आणि नराचा स्पर्शही नसताना तिच्यापासून 95 पिल्ले जन्मलेली मोजली. आपल्या उष्ण हवेत मावा याच रीतीने वाढतो. मादी अंडी न घालता जिवंत पिल्लेच प्रसवते आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. जो जीव या गतीने वाढतो त्याचा समूळ उच्छेद करण्याची प्रतिज्ञा व्यर्थ होय. त्यास मर्यादेत ठेवणे हाच खरा बंदोबस्त.

आणि ही मर्यादा राखणारे पहारेकरी सृष्टीने आधीच नेमलेले आहेत. गेल्या रविवारी माव्याने भरलेल्या एका शेंड्याला मी तांबडा दोरा बांधला आणि रोज सकाळी भिंग घेऊन तो पाहू लागलो. तिसऱ्या दिवशी तेथे करड्या-काळ्या रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीच्या आकाराची इवलीशी अळी आढळली. तिने एक मावा जबड्यात धरला, तो शोषून रिकामे कातडे टाकले आणि लगेच दुसऱ्याकडे वळली. ही ढालकिड्याची अळी. तांबूस पाठीचा ढालकिडा आपण कौतुकाने तळहातावर घेतो. त्याची अळी मात्र कुरूप दिसते, सबब तिलाच कीड समजून चिरडतो, हा केवढा अन्याय! शेजारी काही मावे सोनेरी-तपकिरी, फुगलेले आणि निश्चल होते; सूक्ष्म गांधीलमाशीने त्यांच्या उदरात अंडे घालून त्यांचा अंत केला होता.

तीन वर्षांपूर्वी माझा धीर सुटला होता. विषारी औषध फवारले, दुसऱ्या दिवशी मांडव स्वच्छ झाला. परंतु पंधरवड्यात मावा पूर्वीहून दाट परतला, आणि त्यास आवर घालणारा एकही ढालकिडा मागे उरला नव्हता. हा धडा केवळ परसापुरता नाही. 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा उफाळला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रातून कर्नाटकात पसरला. तेव्हा त्यास आळा घालण्यात मोठा वाटा डिफा पतंगाच्या अळीचा आणि मायक्रोमस या कीटकाचा होता. जे शेकडो एकर उसाच्या फडात साधले, ते चार खांबांच्या मांडवावर का साधू नये?

तथापि थांबणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. माव्याचा चिकटा हे मुंगळ्यांचे खाद्य असल्यामुळे ते त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून मांडवाच्या खांबांना आणि वेलाच्या बुंध्याला एरंडेलात भिजवलेल्या चिंधीचा पट्टा बांधावा व सुकला की बदलावा. पानांच्या खालच्या अंगावर पाण्याची जोरदार धार मारावी. खाली पडलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा वर येत नाहीत. फारच लडबडलेला शेंडा खुडून टाकावा. दंवाने ओल्या पानांवर चुलीची चाळलेली राख धुरळण्याची आपल्या आज्यांची वहिवाटही चालू ठेवण्यास हरकत नाही. युरियाचा हात मात्र आखडावा, कारण नत्राने माजलेला लुसलुशीत पाला माव्यास आमंत्रणच देतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून, सायंकाळी केवळ ग्रासलेल्या भागावरच फवारावी. किनाऱ्यावर कडुनिंब विरळा, तेव्हा घाटावरून येणाऱ्या सोयऱ्याकडून वाळलेल्या निंबोळ्या आधीच मागवून ठेवण्याची तजवीज करावी.

या शेंगा उद्या आपल्याच घरच्या पानांत वाढल्या जाणार आहेत, लेकरांच्या मुखी जाणार आहेत, हे विसरून चालणार नाही. आज एका शेंड्याला दोरा बांधा. माझ्या दोऱ्याचा आज आठवा दिवस: शेंड्यावर मावा अजून आहे, पण तो तुरळक आहे, शेंड्यावर नवी फुले उमलली आहेत, आणि पानाच्या पाठीशी तीच अळी कोश करून स्वस्थ टांगलेली आहे.

— आगरवासी, गुहागर