उसाच्या कडेची रात्र

आपल्या घरांत प्रवास म्हटला की चैत्यभूमी, दीक्षाभूमी, नाहीतर कुणाचे तरी लग्न. डोंगर पाहायला जायचे, रानात मुक्काम करायचा, ही हौस मोठ्या पगारवाल्यांची, असे आम्हीही चाळिशी उलटेपर्यंत मानत होतो. गेल्या नाताळात कंपनीला सलग तीन सुट्ट्या आल्या आणि थोरलीने हट्ट धरला. शाळेच्या पुस्तकात शेकरू आपल्या राज्याचा प्राणी म्हणून छापले आहे, ते तिला झाडावर पाहायचे होते. मेव्हण्यांची जुनी सुमो होतीच. डिझेल निम्मे-निम्मे ठरले आणि आमची आई धरून आठ माणसे कल्याणहून पहाटे निघालो.

तंबू विकत घेणे परवडणारे नव्हते. पावसाळ्यात पत्र्यावर टाकतो तीच निळी ताडपत्री काढली. दोन वेळू, सुतळीचा गुंडा, स्टोव्ह, पीठ, बेसन, कांदे, आणि आईच्या आग्रहाखातर सुक्या बोंबलांचा डबा. मुरबाड मागे पडले आणि माळशेजचे कडे समोर उभे राहिले. पावसाळ्यात येथे धबधब्यांखाली गर्दी असते. डिसेंबरात कड्यांवर नुसते ओले ओघळ दिसतात, गवत सोनेरी होते आणि रस्ता मोकळा असतो. आम्हाला विचाराल तर घाट पाहायचा तो असाच. आईने मात्र उतरल्यावर आधी रस्ता पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. चांगला रस्ता दिसला की ती अजून म्हणते, "कुणाच्या हाताची खडी असंल?"

दुपारी जुन्नरजवळ लेण्याद्री केले. पायऱ्या पावणेतीनशेच्या वर आहेत. आई चार ठिकाणी बसली, पण वर आली. सातव्या लेण्यातल्या गणपतीला रांग होती. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे, तिथे आम्ही आठजण आणि स्तूप, एवढेच. त्याच्या दर्शनी भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान आहे. कल्याणचा माणूस, आणि तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून इथवर आला! धाकट्याने विचारले, "तो कल्याण पूर्वेचा की पश्चिमेचा?" आम्ही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही.

तेथून घोडेगावच्या वाटेने भीमाशंकर गाठायचे होते. वाटेत टायर बसले. स्टेपनी काढली, तीही बसलेली. (गाडी आपली असो की पाहुण्याची, निघण्यापूर्वी स्टेपनी पाहावी.) मेव्हणे टायर घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर गेले. दिवस मावळला आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस.

जवळच्या वस्तीवर अंगणात ताडपत्री टाकू का, म्हणून विचारले. पाणी मिळाले, चहाही मिळाला. मग आडनाव विचारले. सांगितले. त्यावर घरधन्याला एकाएकी आठवले की रात्री पाहुणे यायचे आहेत. आम्ही दोघे उठलो. धाकट्याच्या काही ध्यानात आले नाही. तो म्हणाला, "येऊ देत की पाहुणे, आपण ओळख करून घेऊ." थोरली गप्प होती. तिला कळले असावे. ते वय कोणते ते आम्हालाही आठवते.

रस्त्याच्या पलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या, दहा-बारा. एका कोपीपुढे बाई भाकरी थापत होती. आत बाबासाहेबांचा लहानसा फोटो कुडाला टांगलेला. आईने "जय भीम" घातला आणि टेकली. केज तालुक्यातली मंडळी. आमचे मूळ गाव अंबाजोगाईकडचे. भाकरीची चवड होईपर्यंत आईने कुठल्याशा आत्याच्या सासरकडून नाते काढलेसुद्धा. आमचे पिठले, बोंबील आणि त्यांच्या भाकरी, असे जेवण झाले.

आम्ही वेळू रोवायला घेतले तशी बाई ओरडली, "उसाकडं नगा बांधू! पोरं उघड्यावर नगा घालू!"

जुन्नर भागात बिबट्या डोंगरात कमी आणि उसात जास्त, हे पेपरात वाचले होते. ऊस वर्षभर उभा असतो, आत पाणी आणि सावली असते, माणूस फारसा शिरत नाही. मादी तिथेच वीत घालते. वस्तीवरची कुत्री हे त्याचे हमखास भक्ष्य. ती बाई सांगत होती की तोडणी चालू असताना बुडख्यांत पिल्ले सापडतात. मग कोयते थांबवायचे, मुकादमाने वन खात्याला कळवायचे. पिल्ले त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली की रात्री मादी येते आणि तोंडात धरून नेते. पिल्ले हलवली तर ती चवताळून फिरते. या भागात २००१ पासून दोन-तीन वर्षे बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले, तर ते सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. बाईने तो अभ्यास वाचलेला नाही. पण ज्याचे घर हलवले तो बिथरणारच, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. तिचे स्वतःचे घर दर दिवाळीच्या सुमारास हलते.

तिच्याकडून आम्ही शिकलो ते असे. खरकटे लांब टाकायचे, म्हणजे कुत्री जमत नाहीत. रात्री लघवीला मूल एकटे पाठवायचे नाही. मोठ्यानेही एकटे जायचे नाही, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. चालताना बोलत राहायचे. आणि झोपताना पोरे मधे, मोठी कडेला.

तसेच झोपलो. चार बायका आणि पाच मुले कोपीत, आम्ही पुरुष ताडपत्री पांघरून सुमोत. कोपीवरही ताडपत्रीच होती, आमच्यासारखीच निळी. आम्ही दोन रात्रींसाठी हौसेने बांधायला निघालो होतो, त्याच्याखाली त्यांचे सहा महिने जातात. या भागात बिबट्याने लहान मुले नेल्याच्या बातम्या दरसाल येतात. उजेडाला त्यांच्याकडे एक बॅटरी, तिचेही सेल उतरलेले. रात्री कुत्री भुंकली आणि एकाएकी गप्प झाली. त्यानंतर आम्हाला झोप नाही. पहाटे चारला मंडळी उठून फडावर गेलीसुद्धा. तिची आठ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन कोपीच्या तोंडाशी बसली.

दुसरे दिवशी भीमाशंकर. हे अभयारण्य १९८५ चे, मुख्यतः शेकरूसाठी राखलेले. आत तंबू आणि चूल यांना मनाई आहे. तेव्हा मुक्काम रानाबाहेर एका महादेव कोळी कुटुंबाच्या पडवीत केला. तिथे आडनाव कुणी विचारले नाही, नाचणीची भाकरी आणखी हवी का, एवढेच विचारले. सकाळी रानात मान वर करून तासभर उभे राहिलो. आधी घरटी दिसली, एकाच शेकरूची अनेक असतात. मग फांदी हलली. तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगाएवढी झुपकेदार शेपटी. एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेप, की जमिनीशी त्याचे काही देणेघेणे नसावे. थोरलीने फोटो काढला नाही, नुसती पाहत राहिली. आई म्हणाली, "खार कसली, हे तर मांजर!"

परतताना त्याच रस्त्याने आलो. बाजारातून सेल घेतले होते, ते द्यायला थांबलो. कोपीमागचा ऊस तुटून गेला होता, डोंगरापर्यंत नजर जात होती. ती मुलगी धाकट्याला ओळखून पळत आली. त्याने विचारले, "मग बिबट्या कुठं गेला?"

तिने ओढ्यापलीकडच्या उभ्या उसाकडे बोट केले. "तितं. उद्या आमीबी तितंच."